हात मिळवायचा नाही, पण मॅच मात्र खेळायची!

टी-ट्वेंटी वर्ल्ड कपचं वेळापत्रक २५ नोव्हेंबरला जाहीर झालं. भारत आणि पाकिस्तान पुन्हा एकाच गटात. मॅच १५ फेब्रुवारीला, कोलंबोत. वार? रविवार. दुसरा कुठला असणार!

वेळापत्रक आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी २६/११ होता. सकाळपासून सगळ्यांच्या स्टेटसला ताज हॉटेल, तुकाराम ओंबळे, मेणबत्त्या. संध्याकाळी त्याच लोकांचे मेसेज, "कोलंबोची तिकिटं किती पडतील रे?"

मी कुणाला नावं ठेवत नाही, कारण मीही त्यातलाच. १४ सप्टेंबरला आशिया कपची दुबईची मॅच होती, तेव्हा आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर दुपारभर "मी ही मॅच बघणार नाही" असा मेसेज फिरत होता. मीही पुढे ढकलला. रात्री त्याच ग्रुपवर प्रत्येक विकेटला फटाके फुटत होते, आणि मीही मोबाईल हातात धरून बसलो होतो. तेव्हा हे लिहितोय ते आधी स्वतःला आणि मग तुम्हाला.

तर मुद्दा असा. आपण पाकिस्तानवर बहिष्कार टाकलेला नाही, आणि पाकिस्तानशी खेळतही नाही. आपण यातलं तिसरंच काहीतरी काढलंय. मॅच खेळायची, पॉइंट घ्यायचे, जाहिराती दाखवायच्या, आणि शेवटी हात मिळवायचा नाही. यालाच देशभक्ती म्हणा, असं आपल्याला सांगितलं जातंय. माझ्या मते ही देशभक्ती नाही, हा सोयीचा मामला आहे. आणि त्याचं ओझं टाकलंय कुणावर, तर पंचवीस-तीस वर्षांच्या पोरांवर.

आता थोडं मागे जाऊ. खरा बहिष्कार कसा असतो ते आपल्याच देशाने एकदा दाखवलं होतं, आणि त्याच्या आधीचा विजय तर आपल्या पुण्यातला आहे.

साल १९७४. टेनिसचा डेव्हिस कप. विजय आणि आनंद अमृतराज हे भाऊ तेव्हा विशीच्या आसपासचे. भारताने कलकत्त्यात ऑस्ट्रेलियाला हरवलं. मग सप्टेंबरमध्ये पुण्यात सोव्हिएत रशियाला ३-१ ने हरवून फायनल गाठली. फायनलला समोर होती दक्षिण आफ्रिका. तिथे वर्णभेद कायद्यात लिहिलेला होता. माणसाच्या रंगावरून शाळा वेगळी, वस्ती वेगळी, बसायचा बाकडासुद्धा वेगळा. भारताने सांगितलं, आम्ही खेळणार नाही. फायनल न खेळताच कप दक्षिण आफ्रिकेला गेला.

त्यानंतर आपण डेव्हिस कपच्या फायनलला फक्त एकदाच पोचलो, १९८७ मध्ये, आणि स्वीडनकडून ०-५ हरलो. कप आजपर्यंत आपल्याकडे आलेला नाही. म्हणजे १९७४ ची किंमत आपण अजून मोजतोय. याला म्हणतात बहिष्कार. आपलं नुकसान होणार हे दिसत असताना घेतलेला निर्णय.

आणि तो काही एका दिवसात सुचलेला नव्हता. वर्णभेदावरून दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडणारा पहिला देश भारत होता, तोही १९४६ मध्ये, स्वातंत्र्याच्या आधी. व्यापार बंद म्हणजे बंद, खेळ बंद म्हणजे बंद. एका हाताने बंदी आणि दुसऱ्या हाताने धंदा, असला प्रकार नव्हता.

आता लोक म्हणतात, "अरे, द्विपक्षीय मालिका वेगळी आणि बहुराष्ट्रीय स्पर्धा वेगळी." सरकारचं धोरणही हेच आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये क्रीडा मंत्रालयाने ते लेखी जाहीर केलं. पाकिस्तानशी दोघांतली मालिका नाही, पण अनेक देशांच्या स्पर्धेत खेळायला हरकत नाही. ऐकायला शहाणपणाचं वाटतं. मग मला सांगा, डेव्हिस कप काय द्विपक्षीय होता? ती जगाची स्पर्धा होती आणि आपण तिच्या फायनलमध्ये होतो. तेव्हा ही पळवाट आपल्यालाही उघडी होती. आपण ती घेतली नाही.

मग आज का घेतो? याचं खरं कारण कुणी भाषणात सांगत नाही, म्हणून मी सांगतो.

फेब्रुवारी २०१९. पुलवामाचा हल्ला झाला. त्याच महिन्यात दिल्लीत नेमबाजीचा वर्ल्ड कप होता आणि पाकिस्तानी नेमबाजांना व्हिसा मिळाला नाही. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने लगेच त्या प्रकारातले ऑलिम्पिकचे कोटे काढून घेतले आणि भारताला यजमानपद देण्याबद्दलची सगळी बोलणीच थांबवली. पुढे आपल्या सरकारने लेखी हमी दिली, की कुठल्याही देशाच्या खेळाडूला अडवणार नाही, तेव्हा कुठे जून २०१९ मध्ये ते प्रकरण मिटलं. त्याच महिन्यात आपण मँचेस्टरला पाकिस्तानशी वर्ल्ड कपची मॅच खेळलो, जिंकलो, नाचलो.

आज आपल्याला २०३६ चं ऑलिम्पिक हवंय. २०३० चं राष्ट्रकुल अहमदाबादला मिळालं, त्यावर शिक्कामोर्तब कधी झालं? याच २६ नोव्हेंबरला. यजमान व्हायचं तर सगळ्यांना घरात घ्यावं लागतं, सगळ्यांशी खेळावं लागतं. हा व्यवहार आहे. आणि मला त्यात काही गैरही वाटत नाही. फक्त तो व्यवहार आहे असं सांगा ना! "आम्हाला ऑलिम्पिक हवंय म्हणून आम्ही खेळतो," एवढं एक सरळ वाक्य संसदेत उभं राहून बोला. ते बोलायचं नाही, आणि त्या जागी कॅप्टनला सांगायचं की टॉसला हात मिळवू नकोस. व्यवहार वरच्यांनी करायचा आणि बाणेदारपणा पोरांनी दाखवायचा.

आपला मुंबईचा सूर्यकुमार. त्याने काय करायला हवं होतं? हात मिळवला असता तर इथे त्याचं जगणं मुश्कील केलं असतं. नाही मिळवला, पहलगामच्या पीडितांबद्दल आणि सैन्याबद्दल दोन शब्द बोलला, तर आयसीसीने मॅच फीच्या ३० टक्के दंड लावला. त्याने स्पर्धेची सगळी फी सैन्याला देऊ केली. त्याच्या बाजूने त्याने दिलं. बीसीसीआयने काय दिलं? ब्रॉडकास्टरने काय दिलं?

तीन रविवार लागोपाठ मॅच झाल्या. १४, २१ आणि २८ सप्टेंबर. हा योगायोग नाही. दोघांना एकाच गटात टाकायचं, मग सुपर फोर, मग जमलं तर फायनल, अशी रचनाच केलेली असते. आयसीसीच्या पुरुषांच्या वन-डे आणि टी-ट्वेंटी स्पर्धा बघा, २०१३ पासून हे दोघे दरवेळी पहिल्याच फेरीत समोरासमोर. गटवारी चिठ्ठ्या टाकून होत नाही हो, गल्ला बघून होते. ज्या मॅचवर आपण बहिष्काराचा आव आणतो, तीच मॅच अख्ख्या स्पर्धेचं दुकान चालवते.

आणि त्या दुकानात पाकिस्तानचाही वाटा आहे. आयसीसीच्या आत्ताच्या वाटपात भारताला साधारण ३८.५ टक्के आणि पाकिस्तानला पावणेसहा टक्क्यांच्या आसपास मिळतात. आयसीसीचा पैसा येतो मुख्यतः भारतातल्या टीव्ही आणि मोबाईलवरून, म्हणजे तुमच्या-माझ्या डोळ्यांवरून. हात मिळवला नाही म्हणून आपण टाळ्या वाजवल्या, पण वाटा गेलाच.

आता सगळ्यात मोठी गंमत. "खेळात राजकारण आणू नका" हे वाक्य कोण बोलतं बघा. पाकिस्तानच्या क्रिकेट बोर्डाचे अध्यक्ष मोहसीन नक्वी हे त्या देशाचे गृहमंत्री आहेत, आणि आशियाई क्रिकेट परिषदेचेही अध्यक्ष. आयसीसीचे अध्यक्ष जय शाह हे आपल्या गृहमंत्र्यांचे चिरंजीव. म्हणजे टेबलाच्या दोन्ही बाजूंना गृहखातंच बसलंय, आणि आपल्याला सांगतात राजकारण नको! २८ सप्टेंबरला आपण कप जिंकला, नक्वींच्या हातून तो घ्यायला नकार दिला, आणि ते ट्रॉफी घेऊन निघून गेले. आपली पोरं रिकाम्या हातांनी नसलेला कप उंचावून नाचली. लोकांना हसू आलं. मला तर ते सगळ्या प्रकरणाचं चित्रच वाटलं. हातात काही नाही, आणि जल्लोष मात्र जोरात.

बरं, हा नियम सगळ्यांना सारखा तरी आहे का? ऑक्टोबरमध्ये जोहोर कपला आपल्या ज्युनियर हॉकी टीमने पाकिस्तानच्या मुलांना टाळी दिली. कुणाचं काही बिघडलं नाही. आणि नीरज चोप्रा आठवतोय? त्याने आपल्या भालाफेक स्पर्धेला अर्शद नदीमला बोलावलं होतं. निमंत्रण गेलं होतं पहलगामच्या आधी. तरी हल्ल्यानंतर त्याला, त्याच्या आईला लोकांनी काय काय ऐकवलं! देशाला ऑलिम्पिकचं सोनं आणि रुपं आणून देणाऱ्या माणसाला आपली देशभक्ती लेखी सिद्ध करायला लागली. एका निमंत्रणासाठी नीरज गद्दार, आणि तीन रविवार मॅच खेळवणारं बोर्ड देशप्रेमी. हे कुठलं गणित?

हा रोग आपल्यालाच आहे असंही नाही. ऑस्ट्रेलियाचंच बघा. तालिबानने बायकांचं शिक्षण आणि खेळ बंद केला म्हणून मार्च २०२३ मधली अफगाणिस्तानविरुद्धची मालिका त्यांनी रद्द केली. छान वाटलं. पण त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये वर्ल्ड कपला आपल्या वानखेडेवर त्याच अफगाणिस्तानशी खेळले, आणि मॅक्सवेलने लंगडत २०१ मारले. मालिकेत तत्त्व, वर्ल्ड कपमध्ये पॉइंट. जिथे फार काही जात नाही तिथे बाणा दाखवायचा, ही आता जगाची रीत झालीये.

बहिष्काराचा उपयोग होतो का, हाही प्रश्न आहेच. कधी होतो, कधी नाही. १९८० मध्ये अमेरिकेने मॉस्को ऑलिम्पिकवर बहिष्कार टाकला, कारण सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात घुसल्या होत्या. फौजा बाहेर पडल्या १९८९ मध्ये. मधे १९८४ ला सोव्हिएत गटाने लॉस एंजेलिसवर उलट बहिष्कार टाकला, आणि दोन्हीकडच्या खेळाडूंची उमेदीची वर्षं वाया गेली. आपण मॉस्कोला गेलो, आणि हॉकीचं सोनं आणलं. पाकिस्तान, हॉलंड, पश्चिम जर्मनी, ऑस्ट्रेलिया आलेच नव्हते, हे आपण फारसं सांगत नाही.

दक्षिण आफ्रिकेच्या बाबतीत मात्र उपयोग झाला. का? कारण मागणी स्पष्ट होती. वर्णभेद संपवा, सगळ्या रंगांच्या लोकांना सारखा हक्क द्या, की आम्ही खेळू. ती मागणी तिथल्याच कृष्णवर्णीय आणि भारतीय वंशाच्या खेळाडूंच्या संघटनांचीही होती. ते स्वतः सांगत होते, आमच्या देशाशी खेळू नका. आणि जगाने ते वीस वर्षं नेटाने पाळलं. ग्रॅम पोलॉक, बॅरी रिचर्ड्ससारख्यांची कारकीर्द त्यात गेली. रिचर्ड्सला फक्त चार टेस्ट मिळाल्या. मग कायदे बदलू लागले, आणि १० नोव्हेंबर १९९१ ला दक्षिण आफ्रिका परत आली ती कुठे? कलकत्त्याला, ईडन गार्डन्सवर. ज्यांनी फायनल सोडली होती, त्यांनीच दार उघडलं. बहिष्काराला सुरुवात असते तसा शेवटही असतो, तो असा.

आता सांगा, हात न मिळवण्यामागे आपली मागणी काय आहे? पाकिस्तानने नेमकं काय केलं की आपण हात मिळवणार? ही यादी कुणी वाचलीये? ती नाहीच. म्हणून ही गोष्ट कधी संपणारही नाही. दर स्पर्धेला तोच तमाशा, तोच टीआरपी.

पहलगाममध्ये २६ माणसं मारली गेली. त्यात महाराष्ट्रातले सहा. डोंबिवलीचे तीन, पुण्याचे दोन, पनवेलचा एक. हल्ल्यात घरचं माणूस गेलेल्या काही कुटुंबांनी सप्टेंबरमध्ये उघडपणे म्हटलं होतं, ही मॅच खेळू नका. त्यांना आपण काय उत्तर दिलं? "हात तर नाही मिळवला ना!" स्वतःला त्यांच्या जागी ठेवून बघा, हे उत्तर पुरतं का?

माझं म्हणणं साधं आहे. दोन प्रामाणिक रस्ते आहेत. एक, नाही खेळायचं. कोलंबोचे दोन पॉइंट सोडा, जाहिरातींचा पैसा सोडा, ऑलिम्पिकवर पाणी सोडायची तयारी ठेवा, आणि आमची अट काय ते जगाला सांगा. तसं केलंत तर मी सोबत आहे, मॅच बुडाल्याची तक्रार करणार नाही. दोन, खेळायचं. मग खेळाडूसारखं खेळा, आणि संपल्यावर हात मिळवा, कारण समोरचा अकरा जणांचा संघ आहे, लष्कर नाही. मला स्वतःला दुसरा रस्ता बरा वाटतो. तुम्हाला पहिला वाटत असेल तर तुमच्याबद्दल मला आदरच आहे.

आदर नाही तो मधल्या रस्त्याबद्दल. पैसे घेऊन खेळायचं आणि फुकटात शूर दिसायचं, त्याबद्दल.

१५ फेब्रुवारीला रविवार आहे. त्या दिवशी सकाळी ग्रुपवर "बघणार नाही" वाला मेसेज येईल. पुढे ढकलण्याआधी एकच करा. संध्याकाळी खरंच टीव्ही बंद ठेवणार आहात का, ते स्वतःला विचारा. आपल्या हातात तेवढीच किंमत मोजणं आहे. मी या वेळी ढकलणार नाही. मॅच बघितली तर बघितली म्हणून सांगेन.

पटलं नाही तर कमेंटमध्ये भांडा. फक्त खेळाडूंना शिव्या नकोत. तो निर्णय त्यांचा नव्हता.