रस्ता वाहनांचा की माणसांचा?

नाशिकमधील द्वारका चौकाविषयी गेल्या काही वर्षांत जेवढी चर्चा झाली, तेवढी शहरातील दुसऱ्या एखाद्या चौकाविषयी क्वचितच झाली असेल. मुंबई-आग्रा महामार्ग आणि नाशिक-पुणे महामार्ग येथे एकमेकांना भेटतात. कोंडी फुटावी म्हणून वरून उड्डाणपूल नेण्यात आला, खाली पादचाऱ्यांसाठी भुयारी मार्ग खोदण्यात आला. उड्डाणपूल न थांबता पुढे जाणाऱ्यांच्या कामी आला. भुयारी मार्ग वर्षानुवर्षे वापराविना पडून राहिला आणि चौकातील कोंडी होती तेथेच राहिली. मोटारी कशा वेगाने सुटतील याचा खल पुष्कळ झाला. हातात पिशवी घेऊन बसची वाट पाहणाऱ्या माणसाचे काय, हा प्रश्न मात्र चर्चेच्या कडेलाच उभा राहिला. तो मध्यभागी आणावा, एवढ्यासाठीच आम्ही ही लेखणी उचलली आहे.

नाशिकची एक जुनी अडचण अशी, की शहर एकीकडे आणि रेल्वे स्थानक दुसरीकडे. हे अंतर सर्वसामान्यांना परवडेल अशा वाहनाने तोडले पाहिजे, हे आपल्या पूर्वजांना कळले होते. 1889 साली जुन्या नाशकातून नाशिकरोड स्थानकापर्यंत घोड्यांची ट्राम सुरू झाली व ती चार दशकांहून अधिक काळ धावली. ज्या शहराने एकोणिसाव्या शतकात सार्वजनिक वाहनाची निकड ओळखली, त्याच शहरात आज द्वारकेहून नाशिकरोडला निघालेला माणूस बस येईना म्हणून शेअर रिक्षात अंग चोरून बसतो. याला प्रगती म्हणावे काय?

थोडे आकडे पाहू. शहरातील बससेवा पूर्वी एसटी महामंडळ चालवीत असे. 8 जुलै 2021 पासून महानगरपालिकेच्या परिवहन कंपनीने ‘सिटीलिंक’ या नावाने ती हाती घेतली. मूळ योजना 250 बसची. 2011 च्या जनगणनेनुसार नाशिक महापालिका क्षेत्राची लोकसंख्या 14 लाख 86 हजार होती. म्हणजे तेव्हाच्या लोकसंख्येवरही लाखामागे सतराच बस पडतात. केंद्रीय नगरविकास मंत्रालयाने शहरी वाहतुकीसाठी जे निकष ठरवले आहेत, त्यांत लाखामागे 60 बस असणारे शहर पहिल्या श्रेणीत आणि 20 पेक्षा कमी बस असणारे शहर शेवटच्या, चौथ्या श्रेणीत मोडते. त्यानंतर शहर केवढे वाढले, हे सांगावयास नकोच. जी सेवा आखतानाच शेवटच्या श्रेणीची आखली गेली, ती वेळेवर येत नाही म्हणून चालक-वाहकांवर डाफरणे हा अन्याय आहे.

यावर ठरलेले उत्तर येते : बस तोट्यात चालते. आम्ही नम्रपणे विचारतो, द्वारकेचा उड्डाणपूल नफ्यात चालतो काय? चौकातील सिग्नलने, रस्त्यावरील दिव्यांनी वर्षाकाठी किती कमावले, हा हिशेब कोणी मागितला आहे काय? मोटारीसाठी केलेला खर्च तो ‘विकास’ आणि बससाठी केलेला खर्च तो ‘तोटा’, ही भाषाच मुळी पक्षपाती आहे. वाहने हलवण्यापेक्षा माणसे हलवण्यास प्राधान्य द्यावे, असे 2006 च्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणाने सांगितले आहे. पन्नास माणसांची बस आणि एका माणसाची मोटार चौकात एकाच रांगेत अडकून पडत असतील, तर ते धोरण कागदावरच राहिले असे म्हणावे लागते.

दुसरा दोष व्यवस्थेच्या घडणीतच आहे. बस ठेकेदाराच्या, त्याला मोबदला किलोमीटरवर; वाहकही ठेक्यावरचे; आणि देखरेख पालिकेच्या कंपनीची. वेतन थकले म्हणून वाहकांनी एकाहून अधिक वेळा काम बंद केले. 2024 सालीही बससेवा ठप्प झाली. जबाबदारीचे असे तुकडे झाले म्हणजे थांब्यावरच्या माणसाने दाद कोणाकडे मागावी? आणि ज्या वाहकाच्या घरची चूल पगाराअभावी थंडावली, त्याच्याकडून हसतमुख सेवेची अपेक्षा तरी कोणत्या तोंडाने करावी?

मोठ्या स्वप्नांची मात्र कमतरता नाही. 2021 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात नाशिकच्या ‘मेट्रो निओ’साठी 2,092 कोटी रुपयांची घोषणा झाली. वर्षे उलटली, ती मेट्रो काही धावली नाही. उद्याच्या मेट्रोकडे डोळे लावून आजची बस उपाशी ठेवणे, हे शहाणपणाचे लक्षण नव्हे.

हे शहराला जमणारच नाही, असे कोणी म्हणू नये. 2015 च्या सिंहस्थात खाजगी वाहने शहराबाहेर थांबवून भाविकांना एसटीच्या बसने आत आणले गेले. 2026-27 च्या सिंहस्थासाठी पुन्हा तशीच सिद्धता करावी लागणार आहे. पर्वणीच्या दिवशी बसला जो मान मिळतो, तो एरवीच्या सोमवारी का मिळू नये? कामावर निघालेली मोलकरीण, दवाखान्यात निघालेला वृद्ध, शाळेत निघालेले लेकरू यांच्यासाठी रोजचाच दिवस पर्वणीचा असतो.

किनाऱ्यावरच्या आपल्या वसईकर बांधवांना ही कहाणी परकी वाटणार नाही. तेथे 2012 साली महापालिकेची परिवहन सेवा आली आणि 2017 साली एसटीने स्थानिक मार्गांवरून अंग काढून घेण्याचे ठरवले. तेव्हा गावोगावचे लोक गप्प बसले नाहीत. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले. फुले-भाजी घेऊन बाजारात जाणाऱ्या बाईसाठी एसटी म्हणजे तिच्या संसाराचा आधार, हे त्यांनी ओळखले होते.

हा विषय धर्मग्रामाचा नव्हे, असे काही वाचकांस वाटेल. आम्हांस तसे वाटत नाही. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी 2015 च्या ‘लाऊदातो सी’ या विश्वपत्राच्या 153 व्या परिच्छेदात शहरातील सार्वजनिक वाहतुकीचा स्पष्ट उल्लेख केला आहे; गर्दी, गैरसोय आणि अपुऱ्या फेऱ्या यांमुळे प्रवाशांना जी वागणूक सोसावी लागते, ती मानवी प्रतिष्ठेला शोभणारी नाही, असा त्याचा आशय आहे. योहानाच्या शुभवर्तमानातील बेथेस्दाच्या तळ्याकाठचा रुग्ण आठवावा. 38 वर्षे आजारी असलेल्या त्या माणसाची तक्रार एवढीच होती, की मला तळ्यात उतरवायला कोणी नाही आणि मी जातो तोवर दुसराच पुढे उतरतो. ज्याच्याजवळ स्वतःचे वाहन नाही, त्याची आजची तक्रार याहून वेगळी नाही.

म्हणून आमचे मागणे मोजके आहे. द्वारका ते नाशिकरोड या पट्ट्यात गर्दीच्या वेळी बसला स्वतंत्र मार्गिका मिळावी. थांब्यावर सावली, बाक व वेळापत्रक असावे. वृद्धांना जिने न चढता-उतरता चौक ओलांडता यावा. रात्री उशिराच्या गाड्यांना जोडून बस असावी. वाहकांचे वेतन वेळेवर देण्याची हमी ठेक्यातच असावी. सिंहस्थासाठी ज्या नव्या बस येतील, त्या मेळा संपताच अन्यत्र जाऊ नयेत. प्रत्येक धर्मग्रामाच्या पालकीय परिषदेने या मागण्यांचे निवेदन सह्यांनिशी महापालिकेकडे धाडावे. फेब्रुवारीतील बाळ येशूच्या यात्रेला याच पुणे मार्गावर दूरदूरचे भाविक येतात, त्यांत सर्व धर्मांचे लोक असतात. त्यांच्यासाठी जादा बस मागण्यात संकोच कसला?

मिस्सेला येऊ न शकलेल्या आजीच्या घरी आपण कम्युनियन नेतो, ते योग्यच आहे. पण तिला चालत येऊन बसमध्ये बसता येईल आणि आपल्या नेहमीच्या बाकावर गुडघे टेकता येतील, असे शहर घडवणे हीदेखील सेवाच आहे. ती मागण्याचा हक्क आपला आहे, आणि न मागता ती कोणी आणून देणार नाही.