स्वयंचल यंत्रांचे दफ्तर

आशिया-पॅसिफिक प्रसारण संघाने २००२ साली टोकियोत आरंभिलेली ‘रोबोकॉन’ ही महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची यंत्रमानव-स्पर्धा २००८ मध्ये पुण्यास, बालेवाडीच्या क्रीडासंकुलात भरली, तेव्हा यजमानांनी खेळासाठी योजिलेला विषय गोविंदाच्या लोणीचोरीचा होता. आणि गोकुळात जे कर्म एका खट्याळ पोराने विनासायास केले, ते ॲल्युमिनियमच्या सांगाड्याकडून करवून घेताना भावी अभियंत्यांची जी त्रेधातिरपीट उडते, तिच्यातच या विद्येचे मर्म साठवलेले आहे, असे माझे मत आहे.

माणसाने चालवावयाचे यंत्र चुकले, तर चालविणारा ते सावरतो. स्वयंचल यंत्राची मात्र एकदा कळ दाबली, की निर्मात्यास हात बांधून उभे राहण्यावाचून गत्यंतर नसते. जमिनीवरील पांढऱ्या रेषेवरून परावर्तित होणारा प्रकाश मोजीत ते वाट काढते. परंतु कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये ट्यूबलाइटखाली ठरविलेले मोजमाप क्रीडागाराच्या प्रखर दिव्यांखाली ढळते, आणि काल रात्री रेषेवरून बिनचूक धावणारे यंत्र आज भर सामन्यात भरकटू लागते. मग पोरे गुडघ्यांवर बसून सेन्सरभोवती काळ्या कागदाचे आडोसे चिकटवितात. चाकाचे फेरे मोजणाऱ्या एन्कोडरवर भिस्त ठेवावी, तर चाक जागच्या जागी घसरत असले तरी तो इमानाने फेरे मोजीतच राहतो (हा दोष कित्येक कर्तबगार माणसांतही आढळतो), म्हणून दोहोंची सांगड घालतात. आणि हे करता करता पाठ्यपुस्तकातील नियंत्रणशास्त्र प्रथमच त्यांच्या अंगी लागते.

माझी तक्रार पुढची आहे. शेवटच्या वर्षाची मुले पदवी घेऊन गेली, की ही सारी विद्या त्यांच्याबरोबर जाते. ढाल प्राचार्यांच्या दालनातील काचेच्या कपाटात विराजमान होते, यंत्र मोडून त्याच्या मोटारी पुढील यंत्रास लावल्या जातात (आणि नवी मोटार मागवावयाची तर दरपत्रके, शिफारस व मंजुरी यांत जाणारा काळ पाहता ही काटकसर रास्तच म्हणावी लागेल), परंतु ते यंत्र कोठे आणि कशाने फसले, याचा कागद कोठेच उरत नाही. ज्या पुण्यात पेशव्यांच्या कारभाराचे बारीकसारीक कागद दफ्तरात जपले गेले, आणि रियासतकार सरदेसायांनी त्यांतून निवडीचे ४५ खंड सिद्ध केले, तेथे तीन वर्षांपूर्वीच्या यंत्राचा विद्युत्-आराखडा हाती लागू नये, ही गोष्ट मला खटकते.

म्हणून विद्यापीठांनी टर्मवर्कचे गुण ढालीवर न देता, प्रत्येक संघाने लिहिलेल्या आपल्या अपयशांच्या तपशीलवार हकिगतीवर द्यावेत, आणि त्या लेखनासाठी हजेरीत सवलतही द्यावी. आपल्याकडे जर्नले एकमेकांची उतरून काढण्याचा जुना परिपाठ आहे, हे मी जाणून आहे. परंतु ठरलेल्या प्रयोगाचे ठरलेले उत्तर उतरविणे सोपे असते, घसरलेल्या चाकाची हकिगत मात्र दुसऱ्याच्या वहीत सहसा सापडत नाही.

एका कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये जुन्या यंत्राच्या अवशेषांत मला एक सर्किट बोर्ड दाखविण्यात आला. त्यावर कोणा जुन्या विद्यार्थ्याने शाईने लिहिले होते, ‘हे बदलू नका.’ का, ते मला तो दाखविणाऱ्या मुलासही ठाऊक नव्हते.