देवाच्या नावानं कोण बोलतंय?

‘क्रूस उचल, सहन कर, नवऱ्यासाठी प्रार्थना कर.’ मार खाऊन आलेल्या ख्रिस्ती बाईला असा सल्ला देवाच्या नावानं मिळतो, म्हणून तो नाकारणं जड जातं. तिच्या हिंदू शेजारणीला हेच ‘नशीब’ म्हणून सांगतात. तेव्हा प्रश्न मालवण किनाऱ्यावरच्या ख्रिस्ती मैत्रिणींपुरता नाही. श्रद्धा ठेवणाऱ्या बाईनं तारणारी प्रेरणा कोणती आणि मारणारी कोणती, हे ओळखायचं कसं?

पंडिता रमाबाईंचं उदाहरण घ्या. १८८३ साली इंग्लंडात वाँटेजच्या भगिनींकडे राहून त्यांनी बाप्तिस्मा घेतला. समाजानं ‘पतित’ ठरवलेल्या स्त्रियांना मायेनं उभं करण्याचं काम याच भगिनी फुलहॅम इथं करत. ते पाहून रमाबाई भारावल्या. पण रमाबाईंनी पुरुषांना शिकवावं का, असा प्रश्न आला तेव्हा बिशपांनी हरकत घेतली, आणि भगिनींनीही आज्ञापालनाचा धडा दिला. रमाबाईंनी पत्रं लिहून वाद घातला, स्वतःच्या विवेकबुद्धीचा हक्क सोडला नाही. श्रद्धाही सोडली नाही. पुढे १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन आणि नंतर केडगावचं मुक्ती सदन उभं राहिलं.

म्हणजे एकाच घरातून चांगलं आणि घातक, दोन्ही येऊ शकतं. झगा पाहून भागत नाही. सोळाव्या शतकात इग्नेशियस लोयोला यांनी प्रेरणा पारखण्याचे नियम लिहिले. त्यांतला एक आपल्या फार कामाचा आहे: दुष्ट प्रेरणेला गुप्तता हवी असते, गोष्ट उघड बोलली की तिचं बळ सरतं. ‘हे घराबाहेर सांगू नकोस’ असं सांगणारा, मग तो नवरा असो, पास्टर असो वा धर्मगुरू, या कसोटीवर नापास होतो.

घातक प्रेरणा कायद्यातही शिरते. १८६९ च्या घटस्फोट कायद्यात ख्रिस्ती नवऱ्याला बायकोचा व्यभिचार दाखवणं पुरे होतं. बायकोला मात्र नुसता छळ सांगून भागत नसे, जोडीला व्यभिचारही सिद्ध करावा लागे. १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं हा भेदभाव घटनाबाह्य ठरवला. २००१ च्या दुरुस्तीनं छळ हे एकटंही पुरेसं कारण झालं.

कॅथलिक चर्च घटस्फोट मानत नाही हे खरं. पण जोडीदारापासून जिवाला गंभीर धोका असेल तर वेगळं राहण्याची मुभा चर्चच्याच कायद्यात, कलम ११५३ मध्ये आहे. हे किती जणींना कोणी सांगितलं?

मैत्रिणींनो, तिला ‘धर्म सोड’ म्हणायची घाई नको. देऊळ असो वा चर्च, बाईला तिथं आधारही सापडतो. तिला एवढंच विचारू या: या सल्ल्यानं तू ताठ उभी राहतेस की वाकतेस? तो चारचौघींत सांगता येईल का? आणि तो पाळल्यानं फायदा कोणाचा होतो? उत्तर तिचं तिला देऊ द्या. तोवर तिच्या सोबत राहणं, हे आपलं काम.

– एक कार्यकर्ती, नांदगाव, जि. सिंधुदुर्ग