अस्सलबरहुकूम?

नकलेच्या तळाशी 'अस्सलबरहुकूम' हा शब्द लिहून ज्याने सही केली, त्याने अस्सल कागद डोळ्यांखालून घातला आहे आणि नक्कल त्याच्याशी अक्षरशः ताडून पाहिली आहे, असे कोर्टकचेरीत धरून चालतात. न ताडता सही ठोकणाऱ्याच्या हातून चूक झाली असे आम्ही वकील म्हणत नाही. त्याने लबाडी केली असे म्हणतो. अंतराळयानांच्या संग्राह्य प्रतिकृती विकणाऱ्या व्यापाऱ्यांनी हीच सही आपल्या खोक्यांवर ठोकण्याचा सपाटा लावला आहे. 'हुबेहूब', 'तंतोतंत', 'संग्रहालयाच्या दर्जाची'! विशेषणांना तोटा नाही, आणि किंमतही त्या विशेषणांचीच घेतली जाते. पण खोके उघडून आतील वस्तू अस्सलाशी ताडू लागावे, तो काय दिसते?

जत्रेच्या फेरीत पोरासाठी घेतलेल्या पत्र्याच्या रॉकेटाशी आमचे भांडण नाही, हे आधीच सांगून टाकतो. ते रॉकेट आपण कोणाची नक्कल आहोत असा दावा करीत नाही. दावा नाही तेथे दाव्याचा भंगही नाही. आमची फिर्याद आहे ती दावा करून मोठी रक्कम घेणाऱ्यांविरुद्ध.

२० जुलै १९६९ रोजी चंद्रावर उतरलेले 'ईगल' हे यान घ्या. त्याचे चार पाय सर्वांना ठाऊक आहेत. पायांच्या तळव्यांखाली सुमारे पावणेदोन मीटर लांबीच्या बारीक दांड्या लोंबत होत्या. त्यांतील एकीने जमिनीला स्पर्श करताच आत दिवा लागे, आणि इंजिन बंद करण्याची वेळ झाली असे यानातील दोघांना समजे. या दांड्या तीनच पायांना होत्या. शिडीच्या पायाची दांडी मुद्दाम काढून टाकली होती; कारण टेकताना मोडलेली वा वाकून वर आलेली दांडी नेमकी शिडी उतरणाऱ्या माणसाच्या पोशाखात घुसण्याचे भय होते. म्हणजे त्या दांडीचे नसणे हा एक विचारपूर्वक घेतलेला निर्णय होता; त्यात एका माणसाच्या प्राणाची काळजी होती. प्रतिकृती करणारा तेथे चौथी दांडी बसवितो, चार पायांना चार दांड्या शोभून दिसतात म्हणून! चौथी दांडी चिकटविली की तो निर्णयच पुसला जातो.

रंगाचीही तीच गत. अवघे यान सोनेरी रंगात बुडवून काढले की गिऱ्हाईक भुलते, हे व्यापाऱ्याला पक्के ठाऊक. खऱ्या 'ईगल'च्या खालच्या भागावर पिंगट-सोनेरी वर्ख होता खरा. पण त्यात सोने नव्हते. ती कॅप्टन नावाच्या प्लास्टिकची अ‍ॅल्युमिनियम चढविलेली झिलई होती, आणि उष्णता थोपविणे हे तिचे काम होते. वरचा भाग बव्हंशी राखी आणि काळ्या पत्र्यांचा होता. रखरखीत, ओबडधोबड, कोणत्याही बाजूने सुंदर न दिसणारे ते यान हवा नसलेल्या जागी चालावयाचे म्हणूनच तसे होते. त्याला सोन्याचा मुलामा देणे म्हणजे ते मुळी समजलेच नाही असे कबूल करणे.

ज्या सॅटर्न-५ अग्निबाणाने ते यान नेले, त्याच्या प्रतिकृतींचा इतिहास तर अधिकच उद्बोधक आहे. २५ मे १९६६ रोजी केनेडी केंद्रात ५००-एफ नावाचा एक सॅटर्न-५ मोठ्या थाटाने उड्डाणमंचाकडे नेण्यात आला. तो उडावयाचा नव्हताच. मंच, नळ्या, शिड्या यांची जुळणी तपासण्यापुरता तो उभा केला होता. पण छायाचित्रे त्याची निघाली, जगभर पसरली, आणि प्रतिकृतींचे पहिले साचे पाडणाऱ्यांच्या हाती तीच लागली. ५००-एफच्या पहिल्या टप्प्यात दोन टाक्यांमधील भागावर काळे पट्टे होते. प्रत्यक्ष उडालेल्या अग्निबाणांवर तो भाग पांढरा होता. तरीही त्या काळ्या पट्ट्यांचा बाण 'अपोलो-११' या नावाने विकला गेला. त्या पहिल्या साच्यांना आम्ही एक वेळ क्षमा करू; त्यांना चंद्रावतरणापूर्वीच माल बाजारात आणावयाचा होता. पण त्यांच्यामागून आलेल्यांनी काय केले? अस्सलाकडे न जाता आधीच्या प्रतिकृतीवरून पुढची उतरविली.

या प्रकाराला कायद्यात उत्तर आहे. १८७२ च्या पुरावा कायद्याच्या ६३ व्या कलमाखाली एक उदाहरण दिले होते. नकलेवरून केलेली नक्कल मागाहून अस्सलाशी ताडली असेल तरच ती दुय्यम पुरावा ठरते. ताडली नसेल तर नाही, मग जिच्यावरून ती उतरविली ती पहिली नक्कल अस्सलाशी ताडलेली का असेना. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याची जागा भारतीय साक्ष अधिनियमाने घेतली, पण तत्त्व बदललेले नाही. आता पहा, येथे तर पहिली नक्कलच भलत्या अस्सलाची!

'स्कायलॅब'चे नाव आमच्या वडीलधाऱ्या वाचकांना जुलै १९७९ पासून ठाऊक असेल. ते कोठे कोसळणार या भीतीने तेव्हा लोकांची झोप उडाली होती. १४ मे १९७३ रोजी ते वर जाताना त्याचे संरक्षक आवरण आणि सूर्यपटलांचा एक पंख उखडून गेला. दुसरा अडकलेला पंख अंतराळवीरांनी बाहेर जाऊन मोकळा केला आणि उन्हापासून बचावासाठी वर छत्री उभारली. दोन पंखांचे, छत्रीवाचूनचे, सर्वांगपरिपूर्ण स्कायलॅब पृथ्वीभोवती एक दिवसही फिरले नाही. काचेच्या कपाटात मात्र तेच फिरते! ती आराखड्याची प्रतिकृती आहे, यानाची नव्हे. मग खोक्यावर तसे छापावयास काय हरकत होती?

यावर व्यापाऱ्यांचे उत्तर ठरलेले: 'एवढे बारकाईने पाहतो कोण?' हा युक्तिवाद आम्ही खोटे वजन वापरणाऱ्या वाण्याच्या तोंडून ऐकलेला आहे. पाहणारा पाहत नाही म्हणूनच विकणाऱ्यावर जबाबदारी अधिक. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात वस्तूचे खोटे वर्णन करणारी जाहिरात ही दिशाभूल करणारी जाहिरात मानली आहे, आणि 'तंतोतंत' हे वर्णनच आहे, अलंकार नव्हे.

शिवाय येथील अस्सल परत येणारे नाही. 'ईगल'चा खालचा भाग चंद्रावर राहिला. वरचा भाग माणसे उतरवून घेतल्यावर चंद्राभोवतीच सोडून दिला. त्या अग्निबाणाच्या पहिल्या टप्प्याचे इंजिन २०१३ साली अटलांटिकच्या तळातून वर आले, तेही मोडक्यातोडक्या अवशेषांच्या रूपाने. वॉशिंग्टनच्या संग्रहालयातील अवतरणयानसुद्धा कधी न उडालेले एलएम-२ आहे, बाहेरून 'ईगल'सारखे सजविलेले. आणि संग्रहालय ते उघडपणे सांगते. सांगण्यातच त्याची प्रतिष्ठा आहे. अस्सल नाहीसे झाले की नक्कलच साक्षीला उभी राहते. पन्नास वर्षांनी एखादा मुलगा कपाटातील यानावरूनच त्या दिवसाची कल्पना करणार.

प्रमाणाच्या मर्यादा आम्हांला कळतात. अर्ध्या मिलिमीटरहूनही पातळ पत्रा एकास अठ्ठेचाळीस प्रमाणात उतरविता येणार नाही, हे कबूल. परंतु तीन दांड्यांच्या चार करण्यास किंवा पांढऱ्याचे काळे करण्यास कोणत्या प्रमाणाने भाग पाडले? नासाची छायाचित्रे सर्वांना खुली आहेत. हंट्सव्हिल, ह्यूस्टन आणि केनेडी केंद्र येथे तीन सॅटर्न-५ आजही पाहावयास मिळतात. अज्ञानाची सबब टिकण्यासारखी नाही.

आमची मागणी साधी आहे. कोणते यान, कोणत्या तारखेच्या स्थितीतील, कशाशी ताडलेले, आणि जाणूनबुजून कोठे फरक केला, एवढे चार ओळींत खोक्यावर छापा. मग खुशाल हवी ती किंमत घ्या.

आता आपल्या बाजारातही 'विक्रम'च्या प्रतिकृती येऊ लागल्या आहेत. सप्टेंबर २०१९ मध्ये कोसळलेल्या चांद्रयान-२ च्या 'विक्रम'ला पाच इंजिने होती. २३ ऑगस्ट २०२३ रोजी सुखरूप उतरलेल्याला चारच. मधले काढून टाकले होते. खोक्यावर चांद्रयान-३ असे छापले असेल, तर पैसे मोजण्यापूर्वी वाचकांनी यान दुकानातच उलटे करावे आणि इंजिने मोजावीत. पाच भरली तर परत करावे.