जुन्या वस्तूंचा लिलाव आणि ज्ञानाची किंमत

अमेरिकन काँग्रेसने जुलै २०२५ मध्ये संमत केलेल्या करविषयक कायद्यात एक छोटे कलम आहे. इंटरनेटवरील बाजारपेठेतून वस्तू विकणाऱ्याची वर्षाची विक्री २०,००० डॉलरहून अधिक आणि व्यवहारांची संख्या २०० हून अधिक असेल, तरच त्या बाजारपेठेने त्याची माहिती करखात्यास कळवावी, असे हे कलम सांगते. २०२१ च्या कायद्याने ही मर्यादा अवघ्या ६०० डॉलरवर आणली होती. परंतु तिची अंमलबजावणी वारंवार लांबणीवर टाकावी लागली आणि अखेर जुनीच मर्यादा परत आली. बड्या उद्योगांना या कलमाचे सोयरसुतक नाही. ज्यांना ते आहे, त्यांत एक मोठा वर्ग आहे, तो इतरांच्या अडगळीतून स्वस्तात वस्तू शोधून त्या इंटरनेटवर लिलावाने विकणाऱ्यांचा. मर्यादा वाढली म्हणजे कर माफ झाला असे नव्हे. नफ्यावरील कर आहे तिथेच आहे. तथापि या किरकोळ विक्रेत्यांची गाऱ्हाणी कायदेमंडळापर्यंत पोहोचली, यावरून हा व्यवसाय किती पसरला आहे याची कल्पना यावी.

घरबसल्या कमाईचा मार्ग म्हणून या व्यवसायाची जाहिरात आता आपल्याकडेही होऊ लागली आहे. म्हणून त्यातील नफा येतो कोठून आणि तो टिकतो किती काळ, हे तपासून पाहणे अगत्याचे आहे.

अज्ञानातून नफा

या व्यवसायाचा उगम १९९५ सालचा. त्या वर्षी पिएर ओमिड्यार यांनी कॅलिफोर्नियात जे लिलावाचे संकेतस्थळ सुरू केले, तेच पुढे ‘ईबे’ म्हणून जगाला परिचित झाले. तेथे विकली गेलेली पहिली वस्तू म्हणजे लेसर किरणांचा एक मोडका निर्देशक, त्याला १४.८३ डॉलर आले. मोडक्या वस्तूलाही कोठेतरी गिऱ्हाईक असते; प्रश्न फक्त त्याची गाठ पडण्याचा असतो, हा धडा त्या पहिल्याच विक्रीने दिला.

अशा विक्रेत्याला माल मिळतो तो घराच्या अंगणात भरणाऱ्या विक्रीतून, मृताच्या घरातील सामानाच्या विक्रीतून आणि ‘गुडविल’सारख्या धर्मादाय संस्थांच्या दुकानांतून. १९०२ मध्ये बॉस्टन येथे सुरू झालेली ही संस्था लोकांनी दान केलेल्या वस्तू विकते आणि त्या पैशातून गरजूंना रोजगार व प्रशिक्षण देते. दानाचा ओघ एवढा मोठा की प्रत्येक वस्तूची पारख करणे अशक्य. त्यामुळे सरसकट भाव लावले जातात. दुकानात जे खपत नाही ते संस्थेच्या अखेरच्या विक्रीकेंद्रात वजनावर विकले जाते. वस्तू तराजूत पडली, याचा अर्थ तिची किंमत ठरविण्याचा प्रयत्न विकणाऱ्याने सोडून दिला. नेमक्या त्याच ठिकाणी जाणत्याचा नफा जन्म घेतो. लोकरीचा कोट कोणत्या काळातला, चिनी मातीच्या बशीमागील शिक्का कोणत्या कारखान्याचा, पुस्तकाची आवृत्ती पहिली की दहावी, हे ज्याला कळते त्याला ढिगातील एक वस्तू वेगळी दिसते. हा नफा म्हणजे दैवाचे दान नव्हे. ती ज्ञानाची किंमत होय.

परंतु ज्ञान ही मोठी चंचल मालमत्ता आहे. ‘ईबे’वर पूर्वी विकल्या गेलेल्या वस्तूंचे प्रत्यक्ष आलेले भाव आज कोणालाही पाहता येतात. पुस्तकावरील रेघांची खूण दूरध्वनीयंत्राने टिपली की त्याचा चालू भाव समोर येतो. जे ओळखण्यास पूर्वी वीस वर्षांचा अनुभव लागे ते आता नवशिक्यालाही क्षणात समजते. खुद्द ‘गुडविल’नेही १९९९ मध्ये स्वतःचे लिलावाचे संकेतस्थळ काढले. त्यामुळे दानात आलेल्या निवडक वस्तू दुकानाच्या फळीवर येण्यापूर्वीच तिकडे जाऊ शकतात. ज्या लिलावाने हा नफा दाखविला, तोच लिलाव भाव जगजाहीर करून तो नफा आटवीतही आहे.

कष्टाचा हिशेब

उरलेल्या नफ्याचा हिशेबही नीट मांडला पाहिजे. पाच डॉलरला घेतलेला कोट तीस डॉलरला विकला गेला असे धरू. संकेतस्थळाची दलाली बहुतेक वस्तूंवर तेरा टक्क्यांच्या आसपास असते. ती सुमारे चार डॉलर होते. वेष्टनाचा एक डॉलर जाता हाती वीस डॉलर उरतात. पाचाचे वीस झाले असे प्रथमदर्शनी वाटते. पण दुकाने धुंडाळणे, कोट स्वच्छ करणे, छायाचित्रे काढणे, मोजमाप लिहिणे, गिऱ्हाइकाच्या शंकांना उत्तरे देणे आणि टपालात टाकणे यांत दोन तास गेले, तर तासाला दहा डॉलर पडले. २०२५ साली कॅलिफोर्नियात कायद्याने ठरलेले किमान वेतन तासाला साडेसोळा डॉलर होते! शिवाय न खपलेल्या मालात अडकलेला पैसा, परत आलेल्या वस्तू आणि गाडीचे इंधन यांचा हिशेब वेगळाच. छंद म्हणून हा उद्योग करणाऱ्यास हे परवडेल. पोट भरू पाहणाऱ्याने मात्र स्वतःच्या वेळेला किंमत लावल्याशिवाय नफा मोजू नये.

गरिबांसाठी असलेला माल हे विक्रेते उचलून नेतात, असाही एक आक्षेप आहे. तो पूर्णतः खरा नाही, तसाच सर्वस्वी खोटाही नाही. जुन्या कपड्यांचा तेथे तुटवडा नाही. न खपलेल्या कपड्यांचे गठ्ठे परदेशी जातात आणि पाश्चात्त्य देशांतील अशा चिंध्यांपासून पानिपतच्या गिरण्या सूत काढतात. मात्र थंडीचा चांगला कोट किंवा टिकाऊ बूट यांसारख्या मोजक्या वस्तूंसाठी गरीब गिऱ्हाईक आणि जाणता विक्रेता यांच्यात चुरस होते, आणि तीत आधी कोण पोहोचेल हे सांगावयास नको.

आपल्याकडील चित्र

भारतात हा प्रयोग झाला, पण रुजला नाही. मुंबईच्या ‘बाझी डॉट कॉम’ला २००४ मध्ये ‘ईबे’ने सुमारे पाच कोटी डॉलरना विकत घेतले, २०१७ मध्ये तो भारतीय व्यवसाय ‘फ्लिपकार्ट’कडे गेला आणि ऑगस्ट २०१८ मध्ये ते संकेतस्थळ बंद झाले. याचे एक कारण उघड आहे. स्वस्त जुन्या मालाचे ढीग हे सुबत्तेचे अपत्य असते. आपल्या घरात सदरा थोरल्याकडून धाकट्याकडे जातो, मग बोहारणीच्या टोपलीत पडून त्याचे भांडे होते. जुना डबा भंगारवाल्याकडे, वह्या-पुस्तके रद्दीवाल्याकडे. म्हणजे जुन्या वस्तूंचा बाजार आपल्याकडे आधीपासूनच दारात येतो.

मात्र या बाजारातही तराजूचेच राज्य आहे. निवृत्त शिक्षकाच्या पश्चात त्याचा ग्रंथसंग्रह, साठ-सत्तर वर्षांपूर्वीचे दिवाळी अंक, बंद पडलेल्या मासिकांचे खंड कागदाच्या भावाने जातात. त्यांतील काही पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातील किंवा मुंबईच्या पदपथावरील जाणत्या विक्रेत्याच्या हाती लागून वाचतात; उरलेल्यांचा लगदा होतो. अमेरिकेत तराजूच्या चुकीने कोणाचा तरी कोट स्वस्तात जातो. आपल्याकडे त्याच चुकीने वाङ्मयाचा दस्तऐवज नष्ट होतो. येथे वस्तू शोधणारा आणि तिला दूरच्या वाचकापर्यंत पोहोचविणारा विक्रेता समाजाला हवाच आहे.

त्याच्या वाटेत कायद्याच्या काही अडचणी आहेत. शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तूंचा आणि पंचाहत्तर वर्षांहून जुन्या महत्त्वाच्या हस्तलिखितांचा व्यापार परवान्याविना करता येत नाही, खासगी व्यक्तीस त्यांची निर्यातही करता येत नाही, हे १९७२ च्या कायद्याचे बंधन योग्यच आहे. छापील पुस्तके करमुक्त आहेत, हेही बरे. पण जुन्या घड्याळांचा वा रेडिओंचा किरकोळ विक्रेता पाहा. महाराष्ट्रात वस्तूंच्या दुकानदारास वर्षाची उलाढाल ४० लाख रुपयांवर जाईपर्यंत वस्तू व सेवा कराची नोंदणी लागत नाही. इंटरनेटवरील बाजारपेठेतून विकणाऱ्यास ही सवलत ऑक्टोबर २०२३ पासून मिळाली, तीही राज्यांतर्गत विक्रीपुरती. परराज्यात एकच घड्याळ विकावयाचे तरी नोंदणी आवश्यक! वस्तुतः दुर्मीळ वस्तूचे गिऱ्हाईक गावातच मिळेल असे नसते; ते दूर असते म्हणूनच तर इंटरनेटची गरज. अमेरिकेने ६०० डॉलरच्या मर्यादेचा हट्ट सोडला, तसा थोडा व्यवहारीपणा येथेही दाखविता येईल.

तोवर दोन गोष्टी ध्यानात ठेवलेल्या बऱ्या. या व्यवसायात उतरू पाहणाऱ्या तरुणाने झटपट कमाईच्या जाहिरातींना न भुलता एखाद्या विषयाची पारख आधी मिळवावी. कारण भाव सर्वांना कळतो, वस्तू ओळखणे मात्र थोड्यांनाच जमते. आणि रद्दीवाल्याला हाक मारणाऱ्या प्रत्येक गृहस्थाने, गठ्ठा तराजूत टाकण्यापूर्वी तो एकदा उलगडून पाहावा.