आम्हाला बघू नका, आमचं शहर बघा

गेल्या डिसेंबरात कौशातल्या एका हॉलमध्ये आम्ही सात जणींनी चित्रांचं प्रदर्शन भरवलं. विषय एकच होता, आपलं शहर. चौथ्या म्हणजे शेवटच्या दिवशी दुपारी त्यातलं एक चित्र भिंतीवरून उतरवलं गेलं. उतरवायला सांगितलं हॉलवाल्यांनी, पण खिळ्यावरून ते काढलं मी. चित्र माझं नव्हतं, माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचं होतं. त्यामुळे या लेखात तक्रार आहे तशी कबुलीही आहे.

मी पालिकेच्या उर्दू शाळेत एकतीस वर्षं चित्रकला शिकवली. माझ्या कितीतरी मुली एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या ग्रेड परीक्षांना बसल्या. या परीक्षांत स्मरणचित्राचा पेपर असतो. बाजार, जत्रा, बसस्टॉप, रेल्वे स्टेशन असा एखादा विषय देतात आणि आठवणीतून चित्र काढायला सांगतात. माझ्या मुलींचा हात वस्तुचित्रात आणि संकल्पचित्रात मुलांपेक्षा सरस असायचा. पण बाजार काढायला दिला की त्यांचा कागद ओस पडायचा. एक भाजीवाली, एक झाड, कोपऱ्यात सूर्य, संपलं. मुलं मात्र तराजू काढायची, हातगाडीची मोडकी चाकं काढायची, बर्फाच्या लाद्यांवरचं पोतं काढायची. बरीच वर्षं मला वाटायचं की मुली निरीक्षणात कमी पडतात. मग एक दिवस एका मुलीनं साधा सवाल केला, "टीचर, मैं बाज़ार में रुकी कब?" तिला बाजारातून जायची परवानगी होती, थांबायची नव्हती. मान खाली घालून झपझप चालणाऱ्या मुलीला बाजार आठवणार कसा?

शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांचं २०११ सालचं 'व्हाय लॉयटर?' हे पुस्तक मुंबईबद्दल हेच सांगतं. बाई रस्त्यावर दिसली तर तिच्याकडे काहीतरी काम असावं लागतं. पिशवी, मूल, ऑफिस, दवाखाना, काहीही चालेल, पण उगीच उभं राहणं चालत नाही. आता शहराचं चित्र काढायचं म्हणजे नेमकं काय करायचं असतं? उगीच उभं राहायचं असतं. म्हणून बायकांनी आपल्या शहराची चित्रं एकत्र मांडणं हा मला छंदाचा प्रश्न वाटत नाही. तो रस्त्यावरच्या हक्काचा प्रश्न आहे.

आता त्या प्रदर्शनात काय होतं ते सांगते, कारण नंतरच्या सगळ्या गोंगाटात चित्रांबद्दल कुणी बोललंच नाही.

एकीनं आपल्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसणारी समोरच्या इमारतीची भिंत बारा वेळा काढली होती, महिन्याला एक. दोन इमारतींत हात लांब केला तर पोचेल एवढंच अंतर. भिंत तीच, पण पावसाळ्यात तिच्यावर शेवाळ चढतं, मार्चमध्ये एक कवडसा वीस मिनिटं येऊन जातो. दुसरीनं गच्चीवरच्या काळ्या टाक्या आणि त्यांच्यामागे पारसिकचा डोंगर रंगवला होता. तिसरीनं लोकलच्या लेडीज डब्याचं दार काढलं होतं, आतून. गर्दीत फक्त हात दिसतात, दांडा धरलेले. ९ जून २०२५ला मुंब्र्याजवळ भरलेल्या लोकलमधून माणसं खाली पडून मेली, त्यानंतरच्या आठवड्यात तिनं ते काढलं. चौथीची आई घरी बसून नगावर मोतीकाम करते. तिनं आईच्याच सुईदोऱ्यानं कापडावर घर ते स्टेशन हा रस्ता भरला होता आणि जिथे जिथे तिला कुणी काही बोललं होतं तिथे लाल गाठ मारली होती. पाचवीनं रात्रीचं बायपास काढलं होतं, नुसते ट्रकचे दिवे.

माझं स्मरणचित्र होतं. डोंगरीतल्या आमच्या चाळीची गॅलरी, जशी १९९२ पर्यंत होती तशी. अकरा दारं, वाळत घातलेले कपडे, शेवटच्या दारासमोर तुळस. जानेवारी १९९३ नंतर आम्ही तिथून निघालो आणि हजारो घरांसारखे इकडे आलो. श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालात त्या दंगलींतल्या मृत्यूंचा आकडा ९०० आहे. त्या आकड्यात जी माणसं नाहीत, जी जगली पण ज्यांचा पत्ता बदलला, त्यांच्यातूनच आजचं मुंब्रा वाढलं. या गावाला 'तसली वस्ती' म्हणणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं.

सातवं चित्र माझ्या विद्यार्थिनीचं. वय बावीस. तिनं नाक्यावरची चहाची टपरी काढली होती. बाकड्यावर, मोटारसायकलींवर, पायऱ्यांवर बसलेले पुरुष, आणि ते सगळे चित्राबाहेर बघताहेत. तुम्ही समोर उभे राहिलात की तुमच्याकडे बघताहेत. वाईट कुणीच दिसत नाही. दोघं-तिघं तर दमलेले दिसतात. फक्त बघताहेत. चित्राखाली तिनं लिहिलं होतं, 'रोज, सकाळी सात वीस'.

पहिल्या दिवशी एका वृत्तपत्राकडून फोटोग्राफर आला. आमच्यापैकी चौघी बुरखा घालतात, तिघी घालत नाही. त्यानं चौघींना बाजूला घेतलं आणि भिंतीकडे तोंड करून उभं राहायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी छापून आलं ते चार काळ्या पाठींचं छायाचित्र. चित्र एकही दिसत नव्हतं, चित्रकर्तींची नावंही नव्हती. मुंबईहून आलेल्या एक पुरोगामी बाई खिडकीच्या बारा चित्रांसमोर बराच वेळ थांबल्या. मला बरं वाटलं. मग त्यांनी विचारलं, "बुरख्याबद्दल कुणीच काही काढलं नाही का?" ती मुलगी त्यांना उजेडाबद्दल सांगत होती. तिला घर घेताना कोणत्या दोन इमारतींच्या मध्ये राहावं लागतं, का राहावं लागतं, हे सगळं त्या बारा कागदांवर होतं. बाईंना मात्र तिच्या डोक्यावरचं कापडच दिसत होतं.

मित्रांनो, हा झाला बाहेरचा हिशेब. तो मांडणं सोपं असतं आणि आपल्या बैठकांत त्याला टाळ्याही मिळतात. आता घरातला हिशेब.

चौथ्या दिवशी हॉलचे दोन जबाबदार गृहस्थ आले. अदबीनं बोलले. "टीचर, बाकी सब ठीक है, ये एक तस्वीर हटा दो. लोग बात करेंगे." कारण विचारलं तर म्हणाले, सजीवांच्या तस्वीरा हॉलमध्ये चालत नाहीत.

हा हॉल लग्नाचा आहे. त्याच्या आतल्या भिंतीवर देणगीदारांचे फ्रेम केलेले फोटो आहेत. तिथे दर रविवारी व्हिडिओवाला स्टेजवर चढून नवरीच्या चेहऱ्यावर दिवा मारतो. हॉलच्या फाटकावर तेव्हा एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स होता, त्यावर तीसेक चेहरे होते. तस्वीरीबद्दल आलिमांमध्ये मतभेद आहेत आणि मी काही आलिमा नाही. ज्याला मनापासून ते अमान्य आहे आणि जो स्वतःच्या घरातही फोटो लावत नाही, त्याच्याशी माझं भांडण नाही. माझं भांडण त्या नियमाशी आहे जो देणगीदाराला, पुढाऱ्याला आणि नवरीला सोडतो आणि बावीस वर्षांच्या मुलीच्या कागदावर येऊन थांबतो.

खरी अडचण तस्वीरीची नव्हती हे त्यांनाही माहीत होतं. लोकलच्या चित्रात हात होते, ते चालले. अडचण ही होती की इथे एका मुलीनं पुरुषांकडे पाहिलं होतं, शांतपणे, बराच वेळ, प्रत्येकाचा चेहरा लक्षात राहील इतकं. रोज सात वीसला तिच्याकडे बघितलं जातं ते कुणाला खटकलं नव्हतं. तिनं उलट पाहिलं ते खटकलं. नजर खाली ठेवायचा उपदेश आपण मुलींना लहानपणापासून करतो. सूरह नूरमध्ये हा हुकूम आधी, तिसाव्या आयतीत, पुरुषांना आहे आणि त्यानंतरच्या आयतीत स्त्रियांना. नाक्यावर ही तिसावी आयत कुणी कधी वाचून दाखवल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

आणि 'आपल्यात हे नव्हतं' हेही खोटं आहे. सतराव्या शतकात मुघल चित्रकारांत सहीफा बानू होती आणि तिच्या नावावरची माणसांची चित्रं आजही शिल्लक आहेत. अलीगढमध्ये जन्मलेल्या झरीना हाश्मी यांनी आयुष्यभर घर आणि शहर हेच विषय घेतले. १९९९ची त्यांची 'होम इज अ फॉरिन प्लेस' ही छत्तीस मुद्राचित्रांची मालिका त्यांच्या घराच्या आठवणीवर उभी आहे आणि तिच्यात प्रत्येक शब्द उर्दूत लिहिलेला आहे. आणि आपल्या मुंबईची रुमाना हुसेन. डिसेंबर १९९२ नंतर तिनं आधीची चित्रपद्धत सोडली. फुटलेली मडकी, आरसे, माती आणि शेवटी स्वतःचं शरीर यांतून ती या शहराबद्दल बोलत राहिली. १९९५मध्ये एनसीपीएच्या आवारात ती पायांत घुंगरू बांधून, हातात अर्धी पपई धरून, आवाज न काढता तोंड उघडं ठेवून चालली. १९९९मध्ये ती गेली. आपल्या किती शाळांत तिचं नाव घेतलं जातं? मी स्वतः एकतीस वर्षांत एकदाही घेतलं नाही, कारण मलाच उशिरा कळलं.

त्याच १९९२मध्ये नलिनी मालानी यांनी जहांगीर आर्ट गॅलरीच्या वरच्या मजल्यावर, तेव्हाच्या केमोल्ड गॅलरीत, थेट भिंतींवर हे शहर रेखाटलं होतं. प्रदर्शन संपल्यावर त्या भिंतींना पांढरा रंग दिला गेला. पण ते त्यांनी स्वतः ठरवलेलं होतं. चित्र पुसायचा निर्णय चित्रकर्तीचा असणं आणि दुसऱ्या कुणी तिच्या चित्राला हात लावणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. मी दुसऱ्या प्रकारात मोडले.

मी का उतरवलं? त्या वेळी स्वतःला सांगितलेली कारणं लिहिते, कारण ती तुमच्याही तोंडी असतात. हॉल फुकट मिळाला होता. शेवटचेच चार तास उरले होते. उरलेली सहा चित्रं वाचतील. पुढच्या वर्षी पुन्हा हॉल मागायचा आहे. बाहेरचे लोक टपून बसलेत, आपलीच भांडणं त्यांना कशाला दाखवायची? शेवटचं कारण सगळ्यात जुनं आहे आणि सगळ्यात खोटं. आपल्या बायकांचे प्रश्न दरवेळी याच दाराशी अडतात. आधी जमातीवरचं संकट टळू दे, मग तुमचं बघू. संकट १९९२मध्ये होतं, आजही आहे. म्हणजे आमची पाळी कधी?

मुलगी काही बोलली नाही. चित्र वर्तमानपत्रात गुंडाळून घेऊन गेली. तिचं नाव मी इथे देत नाही, कारण तिनं सध्या नको म्हटलं आहे. चार दिवस भिंतीवर आपलं नाव लिहून बसलेली मुलगी आता नाव नको म्हणते, याची जबाबदारी हॉलवाल्यांइतकीच माझी आहे.

काही जण म्हणतील, मुंब्र्यात पाणी, रस्ते, वीज, नोकऱ्या हे प्रश्न असताना चित्रांचं काय घेऊन बसलात? तर ऐका. त्या सात चित्रांत पाणी होतं, लोकल होती, दंगल होती, नगावरची मजुरी होती, इमारतींमधलं अंतर होतं, छेडछाड होती. एवढे नागरी प्रश्न एका खोलीत मांडलेली सभा मी इथे पाहिलेली नाही. आणि याच मुंब्र्यातल्या मुली काही वर्षांपूर्वी फुटबॉल खेळायला उतरल्या आणि त्यांनी मैदानासाठी सह्या गोळा केल्या, तेव्हाही हेच विचारलं गेलं होतं. मुलींनी मागितलेली जागा नेहमीच बिनमहत्त्वाची कशी ठरते?

म्हणून मागण्या स्पष्ट लिहिते. जहांगीरला भिंत मिळायला वर्षानुवर्षं थांबावं लागतं आणि इथून तिथे जायला तासाहून जास्त लागतो. तेव्हा पालिकेच्या प्रत्येक समाजमंदिरात वर्षातले काही दिवस स्थानिक प्रदर्शनांसाठी राखून ठेवा आणि ते लेखी नियमानं द्या, कुणाच्या मेहरबानीनं नको. पालिका शाळांत चित्रकलेच्या शिक्षकांच्या रिकाम्या जागा भरा. मुलींना वर्गाबाहेर काढा, बाजारात उभं करून तिथेच चित्रं काढू द्या, बरोबर शिक्षक असू द्या. जमातीच्या हॉलचे विश्वस्त निवडताना बायकांना निवडा. आणि पत्रकार बांधवांनो, चित्रप्रदर्शनाची बातमी करताना एक तरी चित्र छापा, खाली नाव छापा.

माझ्यापुरतं मी एवढं केलं आहे. त्या मुलीच्या घरी गेले, तिच्या आईसमोर तिची माफी मागितली. तिनं माफ केलं की नाही ते सांगितलं नाही, चहा मात्र दिला. मी विचारलं की माझ्या घरातली बाहेरची खोली रिकामी केली, दार रस्त्याकडे उघडं ठेवलं, तर ती चित्र लावेल का? तिनं विचार करून सांगते म्हटलं. फेब्रुवारीत सात खिळे ठोकून ठेवले आहेत. सहा चित्रं लागली आहेत. सातव्या खिळ्यावर मी दुसरं काही टांगणार नाही.