घटाचीही बदली होते

गावाकडच्या घरातला घट हलवावा की नाही, यावर आमच्या भावकीत गेली दोन वर्षं वाद चालू आहे. वाद अजून मिटलेला नाही. पण घट यंदा मैसूरच्या कुवेंपुनगरात, आमच्या भाड्याच्या घरात बसला. निर्णय मी घेतला आणि तो योग्य होता असं माझं ठाम मत आहे. ते का, हे लिहितोय, कारण फौजेतल्या आणि फौजेतून निवृत्त झालेल्या अनेक घरांत हाच प्रश्न आज ना उद्या उभा राहणार आहे.

आधी परिस्थिती सांगतो. आमचं गाव तासगाव तालुक्यात, कुलस्वामिनी तुळजाभवानी. अश्विन शुद्ध प्रतिपदेला देवघरात घट बसतो. पत्रावळीवर वावरातली काळी माती, तीत गहू, ज्वारी आणि घरात असेल ते धान्य, मधोमध मातीचा घट, त्यावर विड्याची पानं आणि नारळ. वर रोज एक माळ. शेजारी नंदादीप, तो नऊ दिवस विझू द्यायचा नाही. वडील होते तोवर हे सगळं ते बघत. ते गेल्यावर आई बघू लागली. आईचं वय ७२, मधुमेहाला पंधरा वर्षं झाली. नऊ दिवसांचा उपवास, दिव्याच्या काळजीने देवघराच्या उंबऱ्याशी झोपणं, आणि घट बसलेलं घर बंद ठेवायचं नाही म्हणून नऊ दिवस गावाबाहेर पाऊल नाही.

थोरला मुलगा म्हणून कुलाचार माझ्याकडे आला, असं सगळे म्हणतात. आता हिशेब बघा. एनडीएतून बाहेर पडून मला तेवीस वर्षं झाली. त्यांत घरच्या घटासमोर मी तीन वेळा बसलो. नवरात्र-दसरा-दिवाळी या दिवसांत युनिटमध्ये सुट्टी मागणाऱ्यांची रांग मोठी असते आणि आधी जवानांना सोडायचं असतं. त्याबद्दल माझी तक्रार नाही, ही नोकरी समजूनच घेतली आहे. पण याचा अर्थ एवढाच, की कुलाचार नावाला माझा आणि उपवास आईचा.

गेल्या वर्षी पाचव्या माळेच्या दिवशी आईची साखर एकदम उतरली. सकाळची गोळी घेतली होती आणि पोटात फक्त चहा. शेजारच्या वहिनी फुलं द्यायला आल्या म्हणून कळलं. त्यांनी साखरपाणी पाजलं, आई सावरली, आणि संध्याकाळी तिने मला फोनवर काय सांगितलं? ‘दिवा विझला नाही हो.’ त्या वाक्याने माझा विचार पक्का झाला.

भावकीतला मुख्य आक्षेप आमच्या थोरल्या चुलत्यांचा, म्हणजे तात्यांचा. तात्या म्हणतात, घट जागेचा असतो. ज्या देवघरात चार पिढ्या बसला, तिथेच बसला पाहिजे. ‘आज घट हलवलास, उद्या घर विकशील.’ तात्यांचा मी आदर करतो आणि त्यांच्या बोलण्यातला दुसरा भाग मला खरा वाटतो. त्याच्याकडे नंतर येतो. पण पहिला भाग मला पटत नाही, आणि तो न पटायला मला फौजेनेच शिकवलं आहे.

फौजेत युनिट हलतं तेव्हा मंदिरही हलतं. राजस्थानातून अरुणाचलात जायचं असेल तर तंबू, भांडी, दारूगोळा यांच्या याद्यांबरोबर मंदिराच्या सामानाचीही पेटी भरली जाते. नव्या जागी आधी पत्र्याची शेड उभी राहते, पंडितजी मूर्तींची स्थापना करतात आणि पुढच्या मंदिर परेडला सगळे पूर्वीसारखेच बसतात. हे पंडितजी म्हणजे आमचे धर्मगुरू जेसीओ. मौलवी, ग्रंथी, पाद्रीही असतात. कित्येक ठिकाणी तर एकाच छपराखाली सर्वधर्म स्थळ असतं. जवानांचा जो धर्म, त्या धर्माच्या पूजेला अधिकारी पुढे बसतो, मग त्याच्या घरी काहीही असो. इतक्या वर्षांत कुणी म्हटल्याचं मला आठवत नाही, की देव मागच्या स्टेशनवर राहिला. देव युनिटबरोबर असतो, कारण माणसं युनिटबरोबर असतात.

आणि आमच्या कुलस्वामिनीचंच बघा. तुळजाभवानीची मूर्ती ही चल मूर्ती आहे. नवरात्राआधी देवी सिंहासनावरून उतरून पलंगावर निद्रा घेते आणि घटस्थापनेला पुन्हा सिंहासनावर बसते. दसऱ्याला ती पालखीत बसून सीमोल्लंघन करते. इथे मैसूरलाही तेच. चामुंडेश्वरीचं मूळ स्थान डोंगरावर, पण विजयादशमीला तिची उत्सवमूर्ती सुमारे ७५० किलोच्या सोन्याच्या अंबारीत बसून हत्तीवरून राजवाड्यापासून बन्नीमंटपापर्यंत येते. पूर्वी त्या अंबारीत राजा बसत असे. संस्थानी अधिकार संपले आणि अंबारीत देवी बसू लागली. १६१० मध्ये राजा वडेयरांनी श्रीरंगपट्टणला सुरू केलेला हा दसरा पुढे मैसूरला आला. म्हणजे या दसऱ्याचं गाव बदललं, अंबारीत बसणारं बदललं, आणि तरीही तो चारशे वर्षांची परंपरा म्हणूनच ओळखला जातो. देवी हलते, दसरा हलतो, मग आमचा मातीचा घटच तेवढा जागचा हलणार नाही, हे कुठलं शास्त्र?

दुसरा मुद्दा उपवासाचा. ‘आपल्यात असंच चालतं’ हे वाक्य उपवासाच्या ताटाला तर अजिबात लागू पडत नाही. साबुदाणा ज्यापासून बनतो तो टॅपिओकाचा कंद मूळचा दक्षिण अमेरिकेतला. पोर्तुगीजांच्या व्यापारातून तो आपल्याकडे आला आणि त्याचा साबुदाणा करण्याचा उद्योग तमिळनाडूत सेलमच्या आसपास उभा राहिला, तो दुसऱ्या महायुद्धाच्या काळात. बटाटा, रताळं, शेंगदाणा, मिरची हेसुद्धा अमेरिका खंडातून आलेले. शिवछत्रपतींच्या काळात नवरात्राचा उपवास करणाऱ्या बाईने साबुदाण्याची खिचडी बघितलीसुद्धा नसणार. ताट इतकं बदललं आणि देवी रागावली नाही.

शेजारच्या अज्जींकडे तर उपवासाला अवलक्की, म्हणजे आपले पोहे, चालतात. भात मात्र चालत नाही. आईला पहिल्या दिवशी त्यांनी प्रेमाने पोह्यांची बशी आणून दिली आणि आईची पंचाईत झाली. मग आईने साबुदाणा वडे दिले, तेव्हा अज्जींनीही तितक्याच संशयाने बघितलं. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही. पण एकीचा उपवास दुसरीच्या ताटात मोडतो, हे दोघींना त्या दिवशी समजलं आणि दोघी खूप हसल्या.

आईच्या बाबतीत आम्ही नवीन काहीच शोधून काढलं नाही. आपल्याकडे ‘उठता-बसता’ उपवास करण्याची रीत आहेच. घट बसतो त्या दिवशी आणि उठायच्या वेळी एक दिवस, एवढाच उपवास. आजारी माणूस, म्हातारं माणूस, गरोदर बाई, लहान मूल यांना सूट देण्याची रीतही जुनीच आहे. मग ती सूट घेताना आपल्या बायकांना अपराधी का वाटतं? कारण सूट आहे हे घरातला कुणी पुरुष तोंडाने सांगत नाही. युनिटमध्ये मी हे सांगतो. नवरात्रात बरेच जवान उपवास धरतात, त्यांच्यासाठी लंगरमध्ये फळं, दूध, बटाट्याची सोय होते. पण उंचावरच्या लांब पेट्रोलवर निघणाऱ्याने पोटभर खाऊनच निघायचं, हा हुकूम असतो आणि तो पंडितजींच्याच तोंडून सांगितला की कुणाच्या मनाला लागत नाही. वीस वर्षांच्या जवानाची काळजी आपण अशी घेतो. मग ७२ वर्षांच्या आईला कोण हुकूम देणार? साबुदाणा आणि बटाटा म्हणजे निव्वळ पिष्ट, मधुमेह्याची साखर चढवणारं. आणि गोळी घेऊन उपाशी राहिलं तर साखर उतरते. दोन्हीकडून धोका. डॉक्टरांनी सांगितलेलं पथ्य आणि गोळ्यांच्या वेळा आम्ही देवघराच्या दारावरच लावल्या.

मधले उपवास मी केले. माझ्या पोस्टिंगमध्ये सध्या ते जमतं. बायको शाळेत शिकवते, तिने पहिल्याच दिवशी सांगितलं, ‘माळ तुम्ही करायची, दिवाही तुमचा.’ झेंडू-शेवंतीची माळ ओवायला मला पहिल्या दिवशी पाऊण तास लागला, आठव्या माळेपर्यंत पंधरा मिनिटांवर आलो. रात्री दिव्याला तेल घालायला मुलगा आणि मी आळीपाळीने उठलो. संत्री ड्युटी लावतात तशी यादी केली होती. कडाकण्या मात्र आईनेच लाटल्या, तिथे तिने कुणाचं ऐकलं नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. कुलाचार ज्याच्या नावावर आहे, कष्टही त्यानेच करायला हवेत. निदान वाटून तरी घ्यायला हवेत. नुसतं नाव आपलं आणि पाठीचं दुखणं आईचं, बायकोचं, वहिनीचं, याला मी परंपरा म्हणणार नाही.

माती कुठली, हा प्रश्न शेवटपर्यंत होता. मैसूरकडची माती लाल. आई शरावती एक्स्प्रेसने मिरजेहून आली तेव्हा पिशवीत वावरातली मूठ-दोन मूठ काळी माती बांधून घेऊन आली होती. ती इथल्या लाल मातीत मिसळली. धान अगदी वेळेवर उगवलं. दसऱ्याला तुरे टोपीत खोचले, अज्जींच्या नातवालाही एक दिला. इथे घरोघरी पायऱ्यांवर बाहुल्या मांडतात, राजा-राणीच्या लाकडी बाहुल्या मानाच्या. संध्याकाळी मुलं त्या बघायला या घरातून त्या घरात जातात आणि खाऊ घेऊन येतात. आईला आपला भोंडला आणि खिरापत आठवली. आयुधपूजेला गल्लीभर गाड्या धुतल्या, केळीचे खुंट बांधले आणि कोहळे फोडले. दुसऱ्या दिवशी स्कूटरवाल्यांनी जरा जपून चालवावं लागतं, तेवढं सोडलं तर आपली खंडेनवमीच.

ज्या कवीच्या नावाचं हे नगर आहे, त्या कुवेंपुंनी ‘मंत्र मांगल्य’ नावाची साधी विवाहपद्धत मांडली, हुंडा आणि डामडौल वगळून, आणि आपल्या मुलाचं लग्नही तसंच लावलं. विधीतला अर्थ ठेवायचा आणि ओझं उतरवायचं, असं मी त्यातून घेतो. त्यांना आमचं घटाचं गणित पटलं असतं की नाही, हे मी कसं सांगू? पण त्यांच्या नावाच्या गल्लीत राहून ते आठवलं, एवढं खरं.

आता तात्यांच्या दुसऱ्या वाक्याकडे. आज घट हलला, उद्या घर विकलं जाईल. ही भीती खोटी नाही. गावोगावी कुलूप लागलेले वाडे आपण बघतोच. घट कुवेंपुनगरात बसल्याने आमचं काही गमावलंही आहे. भावकीतली आरती नव्हती. गल्लीतल्या बायकांचं येणंजाणं नव्हतं. माळेला कारळ्याची फुलं नव्हती. विजयादशमीला सोनं द्यायला थोरल्यांच्या पायाशी जाता आलं नाही, फोनवर नमस्कार केला. हे नुकसान आहे आणि ते मी लपवणार नाही.

पण घर टिकवण्याचं काम एका विधवा बाईच्या उपवासावर आपण किती दिवस सोडणार? घर टिकवायचं तर माणसं गेली पाहिजेत, पैसे घातले पाहिजेत, छप्पर शाकारलं पाहिजे. म्हणून तात्यांना मी असं कळवलं आहे: आई जिथे असेल तिथे घट बसेल. गावच्या देवघरात रोज सांजवात लावायला चुलतभाऊ आहे, त्याला लागेल तो खर्च माझा. दर तिसऱ्या वर्षी घट गावीच बसेल आणि त्या वर्षीची सुट्टी मी इतर कशावरही खर्च करणार नाही. मी निवृत्त झालो की घट कायमचा गावी. तात्यांनी अजून होकार दिलेला नाही. ‘बघू’ म्हणाले. तात्यांचं ‘बघू’ म्हणजे नकार नव्हे, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे.

वाचकांत जे निवृत्त सैनिक आहेत, त्यांना एक विनंती. तुमचा मुलगा किंवा पुतण्या बाहेर पोस्टिंगवर असेल आणि गावात त्याची आई एकटी घट सांभाळत असेल, तर भावकीच्या बैठकीत पहिला शब्द तुम्ही टाका. तुमचं ऐकतात. ‘वहिनी, यंदा उठता-बसता धरा, मुलाकडे जा, इथला दिवा आम्ही बघतो,’ एवढं म्हणा. मुलाने म्हटलं तर तो शिकून शेफारला असं होतं. तुम्ही म्हटलंत तर ती रीत होईल.